छातीतला धडा

मुलीनं कानातली नळी काढली, क्षणभर तशीच हातात धरली आणि त्याच्या छातीकडे न बघता बोटांकडे बघितलं, तिथंच काहीतरी बिघडलं. बोटांकडे कुणी बघत नसे. इतकी वर्षं तो परीक्षेच्या वॉर्डात उघड्या अंगानं खाटेवर पडत आला होता आणि येणारा जो तो सरळ छातीवर यायचा, घाईतलं गिऱ्हाईक दुकानात शिरल्या शिरल्या हव्या त्या फळीकडे बोट दाखवतं तसा. बरगड्या जिथं मधल्या हाडाला मिळतात तिथं डावीकडे नळीचं थंडगार तोंड टेकवायचं, डोळे अर्धे मिटायचे, मान समजूतदारपणे हलवायची, की झालं. पुढचं सगळं घरून पाठ करून आणलेलं असायचं. ही मुलगी मात्र नळी टेकवून थांबली होती, मग ती दोन बोटं खाली सरकवली होती, मग वर, मग त्याला जरा डाव्या कुशीला वळायला सांगितलं होतं, तेही 'काका, वळता का' असं. आणि आता ती त्याचा हात उचलून नखं उजेडाकडे धरून बघत होती. नखं गोलसर, फुगलेली, शाईत बुडवून पुसल्यासारखी. त्याला एकदम नागवं वाटलं. छाती उघडी टाकायची सवय होती, हात उघडे आहेत हे आजवर लक्षातच आलं नव्हतं.

डॉक्टर व्हायचं तर नुसत्या पुस्तकाची परीक्षा भागत नाही. शेवटी एक जिवंत माणूस खाटेवर मांडावा लागतो आणि त्याला काय झालंय हे मुलांनी स्वतः शोधून काढायचं असतं. असली माणसं हॉस्पिटलला लागतात, दरवर्षी लागतात, आणि ती अशी हवीत की आजार ठळक पाहिजे पण परीक्षेच्या दिवशी मरता कामा नये. तो असा होता. हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये जो पडदा असतो त्याला त्याच्या जन्मापासून भोक होतं आणि त्या भोकातून रक्त पलीकडे घुसताना खरखरीत, दणदणीत आवाज करायचं. त्यावरून मुलं त्याला पडदेकाका म्हणत. हे नाव एका बॅचनं दुसरीला दिलं, दुसरीनं तिसरीला, जसे नोट्स देतात. नावाबरोबर उत्तरही दिलं जायचं. पडदेकाका मिळाले तर पास, असं वसतिगृहात म्हणत असत, आणि हे त्यालाच कुणीतरी येऊन सांगितलं होतं. त्या दिवशी घरी जाताना तो दर जिन्याला थांबला तो दमामुळे, पण हसतही होता.

अर्थात पास करणं त्याच्या हातात होतं असं नाही. नापास करणं मात्र थोडंफार होतं. ज्या मुलानं नळीचं तोंड आधी तळहातावर घासून कोमट केलं, त्याला तो कुठं ऐकायचं ते डोळ्यांनी दाखवी. ज्यानं 'अहो' म्हटलं त्याला एखादा शब्द पुरवी. आणि ज्यानं 'ए, शर्ट काढ' म्हटलं, त्यानं दम लागतो का असं विचारलं की तो भाबड्या चेहऱ्यानं म्हणे, नाही बुवा, गुडघे तेवढे दुखतात. एक उंच, गोरा, बड्या बापाचा मुलगा असा गुडघ्यांतच अडकला होता. सांधे, ताप, घसा असं करत करत तो हृदयाच्या पार पलीकडे गेला आणि परीक्षकांनी त्याला दारापर्यंत शब्दांनी झोडपलं. तेव्हा छताकडे बघत पडलेल्या त्याला जे वाटलं त्याला तो मनातल्या मनात न्याय म्हणत असे. दुसरं नाव त्याला ठाऊक होतं, पण ते तो वापरत नसे. सध्याचे विभागप्रमुखसुद्धा याच खाटेपाशी पास झालेले. तेव्हा त्यांच्या हातांना इतका घाम यायचा की त्याच्या छातीवर बोटांचे ओले ठसे उमटले होते. त्यानं दया येऊन हळूच 'पडदा' म्हटलं आणि त्या पोरानं असं बघितलं होतं, जणू बुडताना कुणी केस धरून वर ओढलं. पुढे पोरगा मोठा झाला, त्याला टक्कल पडलं, वॉर्डात तो आला की नर्सेस उठून उभ्या राहायला लागल्या. पण हा मनात अजून त्याला घामट्याच म्हणायचा, आणि ही त्याची एकट्याची चैन होती.

"काका, राग मानू नका," मुलगी अगदी हळू म्हणाली, "पण मला काही ऐकूच येत नाहीये."

त्यानं राग मानला. घरमालकाला त्याच्याच ओट्यावर उभं राहून, इथं घर दिसत नाही म्हणावं, तसं ते होतं. वर तिचा सूर माफी मागणारा, म्हणजे वाद घालायचीही सोय नाही. कान बघून घे आधी, असं ओठावर आलं होतं. पण मुलगी चांगली होती. नळी तिनं तळहातावर घासली होती, त्याच्या पाठीमागची उशी न सांगता सारखी केली होती. चेहरा जागरणानं उतरलेला, बाहीची शिवण उसवलेली. अशा मुलांबद्दल त्याला माया वाटायची, आणि मायेत माणूस जितका चुकतो तितका रागात चुकत नाही. तो म्हणाला, डावीकडे, कडेला, नीट ऐक, मोठा आवाज आहे, हात ठेवलास तर हातालासुद्धा लागतो. तिनं हात ठेवला. हात कोमट होता. ती थांबून राहिली, आणि तिच्या कपाळावर अशी आठी पडली, जशी हिशेब जुळत नसला तरी समोरच्याला खोटं म्हणवत नाही तेव्हा पडते. नाही येत, ती म्हणाली. तेव्हा त्यानं सांगितलं की सगळ्यांना येतो. आजपर्यंत आला नाही असा एक झाला नाही.

हे खरं होतं. सगळ्यांना यायचा. अगदी पहिल्यांदा तेव्हा विभाग चालवणाऱ्या म्हाताऱ्या सरांना आला, तेव्हा तो जेमतेम मिसरूड फुटलेला होता. त्याआधी घरात त्याच्याबद्दल एकच गोष्ट ठरलेली होती. बापानं ती तो सहा-सात वर्षांचा असताना ओसरीवर चपला घालता घालता सांगून टाकली होती: याला अभ्यासाला बसवा, दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा नाही हा. धाकटा भाऊ पिशव्या उचलायचा, सायकल हाणायचा, मारामाऱ्या करून यायचा. हा चार पावलं पळाला की भिंत धरून उभा. म्हणून अभ्यास. त्या घरात अभ्यास म्हणजे मोडकी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवतात तशी एक जागा होती. बसलेला दिसला की कुणी काही म्हणायचं नाही. तो बसला. मन लावून बसला. पुस्तकांचा त्याला खरोखरच नाद लागला. पण नाद लागला तरी वर्ग तिसऱ्या मजल्यावर होते, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तो जिन्यात बसला तो उठलाच नाही. म्हणजे ज्याला दुसऱ्या कशाच्याच उपयोगाचा नाही म्हणून अभ्यासाला बसवला, तो अभ्यासाच्याही उपयोगाचा निघाला नाही. बाप हे बोलला नाही, पण त्यानं चष्मा काढून पुसला, आणि आपला बाप चष्मा कधी पुसतो हे मुलाला माहीत होतं. मग हॉस्पिटल. म्हाताऱ्या सरांनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, बापाचा कधी उजळला नव्हता तसा. त्यांनी विद्यार्थ्यांना बोलावून रांगेत उभं केलं. एकेक जण वाकून ऐके आणि मागच्याला जागा देई, आणि सर सगळ्यांच्या डोक्यांवरून म्हणाले, ऐकून ठेवा, याला म्हणतात आदर्श. त्याच्याबद्दल हा शब्द त्याआधी कुणी वापरला नव्हता, नंतरही वापरला नाही. धाकट्याच्या रंगाच्या दुकानात, जिथं तो पुढे आयुष्यभर स्टुलावर बसून राहिला, तिथं त्याच्याबद्दल वापरायचे शब्द वेगळे होते. डबे त्याला उचलवत नसत, शिडीवर चढवत नसे. धाकट्याची बायको, बाई वाईट नव्हे, गिऱ्हाइकांना हसत सांगायची: आमचे भावजी फार हुशार आहेत हो, काही म्हणजे काही करत नाहीत.

आपल्या भोकाचा अभ्यास त्यानं या दुकानात केला. रद्दीतून एक जाडजूड वैद्यकाचं पुस्तक आणलं, डिक्शनरी मांडीवर घेतली आणि आपल्यापुरतं एकच प्रकरण वाचलं. बाकीची हजारभर पानं त्यानं उलटलीही नाहीत; दुसऱ्यांच्या आजारांत त्याला गम्य नव्हतं. ते एक प्रकरण मात्र त्यानं स्वतःच्या भाषेत उतरवलं, घोटून घोटून पाठ केलं, इतकं की पिवळा आणि पांढरा रंग मिसळता मिसळता तो ते पुटपुटत असे. लक्षणं, कारणं, तपासण्या, आणि सगळ्यात शेवटी ते वाक्य: कालांतराने हा ध्वनी क्षीण होत जातो व अखेर लोपतो, हे सुधारणेचे लक्षण समजू नये. हे वाक्य त्याला फार आवडायचं. त्यातल्या 'समजू नये'ला एक दरारा होता. आवडत्या मुलांना तो ते परीक्षेच्या आधी म्हणून दाखवी आणि ती मुलं चकित होत. काका, तुम्ही डॉक्टर व्हायला हवे होतात, असं म्हणत. शेकडो वेळा म्हणून दाखवलं असेल. पण ते वाक्य कुणाबद्दल आहे, हे विचारावंसं त्याला एकदाही वाटलं नाही. पाठ झालेल्या गोष्टीची हीच तर खुबी असते. ती डोक्यात शिरते आणि तिथंच राहते, खाली छातीपर्यंत उतरत नाही.

आणखी एक गोष्ट होती, तिच्याजवळ तो सहसा जात नसे. आत्ता त्या मुलीचा हात छातीवर असताना ती आपणहून आली. म्हातारे सर निवृत्त व्हायच्या आधी एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते की हे भोक आता शिवता येतं, तुझं वय आहे, फुप्फुसांतला दाब अजून आवाक्यात आहे, घरच्यांना घेऊन ये. तो ऐकत राहिला आणि त्यानं विचारलं, मग आवाज? सरांना प्रश्न कळायला वेळ लागला. बंद होईल, ते म्हणाले, अर्थातच. त्या दिवशी घरी आई दाराशी उभी होती. काय म्हणाले डॉक्टर, तिनं विचारलं. त्यानं चपला काढल्या, जागेवर नीट लावून ठेवल्या आणि सांगितलं, काही करायची गरज नाही म्हणाले. आईनं सुटकेचा श्वास टाकला. धाकट्यानं तर उघड टाकला. सगळ्यांचंच भलं झालं. सरांनी पुन्हा विचारलं असतं तर गोष्ट वेगळी, पण सरांनीही विचारलं नाही, आणि त्यांनी का विचारलं नाही हे समजण्याइतका तो हुशार होता. पुढच्या वर्षीच्या परीक्षेला त्यांनाही केस लागणारच होती.

परीक्षक आले. बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या एक बाई, बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज बारीक आणि धारेचा. त्यांच्यामागे घामट्या, हातात गुणांचा कागद. मुलगी उठून उभी राहिली. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात सरळ प्रश्न होता, आणि त्यानं पापण्या मिटून उघडल्या: आहे, सांग, आवाज आहे. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाला इतक्या मनापासून मदत केली नव्हती. ती बोलायला लागली. बोलणं स्वच्छ होतं. दम, बोटांचा निळेपणा, छातीच्या डाव्या कडेला मोठा खरखरीत आवाज. 'निळेपणा' आणि 'आवाज' या दोन शब्दांच्या मध्ये ती किंचित अडखळली. बाईंनी तिला तिथंच धरलं. कुठं ऐकलास हा आवाज, दाखव. मुलीनं नळी टेकवली. बाईंनी स्वतःची नळी लावली. त्या खूप वेळ वाकून राहिल्या. त्यांच्या केसांना साबणाचा वास होता. मग त्या ताठ झाल्या आणि त्यांनी घामट्याला नुसतं खुणेनं बोलावलं. घामट्या वाकला. इतक्या वर्षांनी ते डोकं पुन्हा आपल्या छातीपाशी आलेलं पाहून त्याला मजा वाटली, आणि मग त्या टकलावर वरून खाली घाम फुटताना दिसला तेव्हा मजा थांबली. परीक्षेआधी त्यानं तपासलेलं नव्हतं. कितीतरी वर्षं कुणी ऐकलेलंच नव्हतं. मुलं उत्तर पाठ करून येत होती आणि मास्तर तेच उत्तर समोर ठेवून गुण देत होते. आवाज कधीतरी, कुणालाही न सांगता, मधल्या मधे निघून गेला होता, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर दरवर्षी रांगेनं सगळे पास होत होते.

"कुणी सांगितलं तुला, आवाज आहे म्हणून?" बाईंनी विचारलं.

मुलीनं नळी गळ्यात अडकवली. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि हे त्याला फार लागलं. तिनं बोट दाखवलं असतं तर त्याला तिचा राग तरी करता आला असता. बाई म्हणाल्या, पाठांतर बरोबर आणलंस, कान घरी ठेवलेस. जो आवाज नाही तो ऐकणारा डॉक्टर, जो आहे तो न ऐकणाऱ्याहून वाईट. बाकीच्या मुलांना बाईंनी जवळ बोलावलं. एकाच्या नापास होण्यातूनही चार जणांना शिकवायचं, अशा जातीच्या त्या होत्या. त्याचा हात त्यांनी मनगटाला धरून उचलला, दुकानदार कापड दाखवतो तसा. ही नखं बघा, त्या म्हणाल्या. भोक मोठं होतं. वर्षानुवर्षं फुप्फुसांकडे जास्त रक्त गेलं, तिथल्या रक्तवाहिन्या जाड झाल्या, दोन्हीकडचा दाब सारखा झाला. दाब सारखा झाला की रक्त भोकातून जोरानं घुसत नाही, म्हणून आवाज गेला. आता ते उलटं वाहतंय, म्हणून निळं. एका मुलानं विचारलं, शिवता येईल का. बाई म्हणाल्या, आता शिवलं तर मरेल. वेळेवर शिवायला हवं होतं. ही सोय काही काल निघालेली नाही. कुणाला कसं सुचलं नाही, हेच नवल. असं म्हणून त्यांनी घामट्याकडे बघितलं, घामट्यानं गुणांच्या कागदाकडे, आणि खाटेकडे कुणीच नाही. हे सगळं त्या आपल्या शास्त्राच्या भाषेत बोलत होत्या, कारण रोग्याला कळू नये अशी रीत असते. त्याला शब्द न् शब्द कळला. एके ठिकाणी तर बाईंनी क्रम चुकवला आणि तो त्यानं मनातल्या मनात दुरुस्त केला. मग ते शेवटचं वाक्य आपोआप उमटलं, क्षीण होत जातो व अखेर लोपतो, आणि 'समजू नये'पाशी आल्यावर तो तिथंच थांबला. इतकी वर्षं आपण एका माणसाच्या मरणाची बातमी पोरांना हौसेनं म्हणून दाखवत होतो. तो हात बाईंच्या मुठीत होता आणि परत कधी मिळेल याची तो वाट बघत राहिला.

सगळे पुढच्या खाटेकडे गेले. मुलगी मात्र तिथंच राहिली, आपली वस्तू विसरल्यासारखी. नळी गळ्यात होती, पेन खिशात होतं, विसरलं काहीच नव्हतं. तो उठून बसला. तिला काहीतरी म्हणायला हवं, हे त्याला माहीत होतं. त्यासाठी लागणारे शब्दही साधे होते, कुठल्याही दुकानात मिळतील असे. ती म्हणाली, "मला ऐकू आलं नव्हतं, काका. मी तुम्हाला सांगितलं होतं." आवाजात तक्रार नव्हती, ती जणू फक्त नोंद बरोबर करून घेत होती. आणि ती आजवरच्या सगळ्यांत एकटीच होती, जिनं त्याची छाती खरोखर ऐकली होती. तिथं जे उरलं होतं ते, म्हणजे काहीही नाही, ते तिनं बरोबर ऐकलं होतं. हे त्याला त्याच क्षणी लख्ख दिसलं, आणि दिसल्याबरोबर सोसवेना.

"मग तसं म्हणायचं होतंस," तो म्हणाला.

ती गेली. तिच्या चपलेचा एक पट्टा तुटलेला होता; तो फरशीवर घासत दारापर्यंत गेला. तो शर्ट ओढून बसला. बाहेर दुपार होती, ढकलगाडीवर औषधं चालली होती, कुणीतरी खिडकी उघडून डस्टर झटकत होतं. त्याला वाटलं, आता आपण भ्यायला हवं. तो भीतीची वाट बघू लागला. पण भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. उद्यापासून नुसतं दुकानातलं स्टूल. परीक्षा नाही, पोरं नाहीत, काका म्हणणारं कुणी नाही. धाकट्याच्या बायकोला काय सांगणार, आवाज गेला म्हणून? छातीत कळ आल्यासारखं झालं, आणि ती कळ मरणाची नव्हती हे त्याला ओळखता आलं, एवढा अभ्यास त्याचा झाला होता.

घामट्या एकटाच परत आला. त्यानं खुर्ची ओढली, बसला आणि कपाळ पुसलं. माफी मागेल की काय, असं खाटेवर बसलेल्या त्याला वाटलं आणि तो आकसला. पण घामट्यालाही ते जमण्यासारखं नव्हतं. तोही याच खाटेवर शिकलेला. काका, तो म्हणाला, तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. औषधं आहेत, दमानं घ्यायचं, जिने टाळायचे. मग तो पुढे सरकला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ते उजळणं आलं, जे एकदा म्हाताऱ्या सरांच्या चेहऱ्यावर आलं होतं. आणि पुढच्या वेळी यायचं बरं का, तो म्हणाला. साधं भोक काय, पैशाला पासरी मिळतं. ही अवस्था बघायला मिळत नाही हो. इथवर माणसं टिकतच नाहीत. बाईसुद्धा मघाशी म्हणाल्या, फार सुंदर केस आहे.

खाटेवर तो ताठ बसला. पोरांनी आता काय ओळखायचं, असं त्यानं विचारलं. घामट्यानं सांगितलं: नखं, ओठ, हृदयाच्या दुसऱ्या ठोक्याचा दणका, आणि आवाज नसणं, आवाज नसणं हेच मुख्य. तो ओठ हलवत ते म्हणत गेला, नखं, ओठ, दणका, नसणं, आणि म्हणता म्हणता त्याचा श्वास जरा सावकाश झाला. उत्तर नवं होतं, वसतिगृहात अजून कुणाला ठाऊक नव्हतं. कुणाला सांगायचं आणि कुणाला गुडघ्यांत अडकवायचं, हे पुन्हा त्याच्या हातात आलं होतं. घामट्या उठता उठता म्हणाला की वर्षभर थांबायला नको, सहा महिन्यांनी नापास झालेल्यांची परीक्षा असते, तिलाच या. तेवढे दिवस तरी काही होत नाही तुम्हाला.

शर्टाचं वरचं बटण लावायला त्याला वेळ लागत होता. बोटं जाड झाली होती, काजात शिरत नव्हती. शेवटी ते लागलं. मग म्हणाला, "सर, मी येतो. फक्त त्या मुलीला मला देऊ नका."

"का हो? गरीब पोर आहे. तुम्ही मिळालात तर सुटेल बिचारी."

"तिला उत्तर माहीत आहे," तो म्हणाला. "तिच्यापुढे पडून माझा काय उपयोग?"